पुट्टी पातळ कशी करायची आणि जोडाची रेघ कशी घालवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिकची मॉडेल्स करणाऱ्यांमध्ये दर आठवड्याला कोणी ना कोणी पुट्टीबद्दल (म्हणजे जोडातल्या रेघा-फटी बुजवायच्या लगद्याबद्दल) हेच विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. विमानांची उदाहरणं जास्त येतील कारण मी विमानंच करतो, पण रणगाडे, गाड्या, जहाजं सगळ्यांना हेच लागू आहे.

मुळात पुट्टी पातळ करायचीच कशाला? ट्यूबमधून काढून लावली तर काय बिघडतं?

काही बिघडत नाही, फट मोठी असेल तर तशीच लावा. पण ट्यूबमधली पुट्टी असते श्रीखंडासारखी. विमानाचे दोन अर्धे भाग चिकटवले की मधे जी केसाएवढी रेघ राहते त्यात श्रीखंड शिरत नाही, ते वरच्यावर बसतं, आणि मग तुम्ही घासून घासून वरचं सगळं काढता आणि रेघ खाली आहे तशीच. वर आजूबाजूचे रिव्हेट आणि पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेघा) पण घासल्या जातात ते वेगळंच. तीच पुट्टी ताकाइतकी पातळ केली की ब्रश टेकवल्यावर आपोआप रेघेत ओढली जाते, जशी शाई टिपकागदात जाते तशी. थर पातळ बसतो, घासायला कमी लागतं.

म्हणजे पातळ पुट्टी रेघेसाठी, फटीसाठी नाही. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

मग फट मोठी असेल तर?

नख अडकतंय इतकी फट असेल तर पुट्टी हे उत्तरच नाही. स्टायरीनची (म्हणजे मॉडेलच्याच प्लास्टिकची) पातळ पट्टी किंवा ताणून बारीक केलेला स्प्रू (म्हणजे किटमधली ती फ्रेम, मेणबत्तीवर धरून ताणली की तार होते) फटीत बसवा, त्यावर पातळ सिमेंट (बांधकामाचं नाही, प्लास्टिक वितळवून जोडणारा मॉडेलचा गोंद) सोडा, दोन दिवस विसरून जा, मग तासून सपाट करा. प्लास्टिकच्या फटीत प्लास्टिकच भरलेलं सगळ्यात चांगलं. उरली बारीक रेघ तर तिथे पातळ पुट्टी.

खरं तर अजून एक पायरी मागे जायला हवं. चिकटवतानाच जोडावर सिमेंट जरा सढळ हाताने लावून भाग दाबले की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते, ती वाळल्यावर तासली की पुट्टीची गरजच पडत नाही. निम्म्या जोडांना हे पुरतं. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही कारण दोन दिवस थांबावं लागतं, पण पुट्टीला तरी कुठे थांबावं लागत नाही?

कुठली पुट्टी कशाने पातळ होते?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

टॅमियाची राखाडी बेसिक पुट्टी आणि पांढरी पुट्टी, मिस्टर हॉबीची व्हाइट पुट्टी, ही सगळी लॅकर जातीची. त्यातलं सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) उडून जातं आणि पुट्टी कडक होते, बाकी कुठली रासायनिक प्रक्रिया वगैरे नाही. म्हणून ती लॅकर थिनरने पातळ होते. टॅमियाचं पिवळ्या झाकणाचं लॅकर थिनर किंवा मिस्टर कलर थिनर, दोन्ही चालतात. टॅमियाचंच एक्स-२०ए हे अॅक्रिलिक रंगांचं थिनर आहे, त्याने ही पुट्टी नीट पातळ होत नाही, नुसत्या गुठळ्या. नावं आणि बाटल्या सारख्या दिसतात म्हणून लोक तेच घालतात आणि मग पुट्टी खराब निघाली म्हणतात. टर्पेंटाइनचं पण तेच, ते इनॅमल रंगांसाठी ठेवा.

दुसरा प्रकार पाण्यातला. वालेहोची प्लास्टिक पुट्टी किंवा डिलक्स मटेरियल्सची परफेक्ट प्लास्टिक पुट्टी. पाण्याने पातळ करा, पाण्यानेच पुसा, वास नाही काही नाही.

तिसरा प्रकार दोन भाग मिसळायचा, म्हणजे मिलिपुट आणि त्याची भावंडं. ही इपॉक्सी. ती सॉल्व्हंट उडून वाळत नाही, दोन भागांच्या प्रक्रियेने घट्ट होते त्यामुळे आकसत नाही म्हटलं तरी चालेल. मिलिपुट ओल्या बोटाने गुळगुळीत करता येतं आणि पाण्यात कालवून चिखलासारखं पण करता येतं, पण केसाएवढ्या रेघेसाठी मी कधी वापरत नाही.

टॅमियाची पुट्टी पातळ करायची नेमकी पद्धत सांगा ना, स्टेप बाय स्टेप.

वाटाण्याएवढी पुट्टी काढा. कशावर? स्टीलची वाटी, काचेचा तुकडा, बाटलीचं पत्र्याचं झाकण, बशी, काहीही, पण चहाचा डिस्पोजेबल प्लास्टिक कप नको. ते कप बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचे असतात आणि आपलं मॉडेल पण पॉलिस्टायरीनचं, थिनर दोघांनाही खातं. मी एकदा कपात कालवली, फोन आला म्हणून उठलो, परत आलो तर कपाचा तळ टेबलाला चिकटलेला आणि टेबलाचं पॉलिश गेलेलं. घरात काय ऐकून घ्यावं लागलं ते सोडा.

तर, वाटाण्याएवढ्या पुट्टीत ड्रॉपरने तीन-चार थेंब थिनर, टूथपिकने कालवा. आधी गुठळ्या दिसतील, घाबरू नका, दाबत राहा, मग एकदम एकजीव होते. अजून एक-दोन थेंब. घट्टपणा कुठपर्यंत हे रेघेवर ठरवा: बारीक रेघ असेल तर ताक, जरा खोल ओरखडा असेल तर मोडलेलं दही. टूथपिक उचलल्यावर थेंब सावकाश पडला पाहिजे, धार लागली म्हणजे जास्त झालं. जास्त झालं तर दोन मिनिटं उघडं ठेवा, थिनर आपसूक उडतं आणि पुन्हा दाट होतं.

जोडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, मधे एक-दीड मिलिमीटरची गल्ली सोडा. जुना बारीक ब्रश घ्या, चांगला नको, त्याचं आयुष्य इथेच संपणार आहे. जोडावरून एकदा ओढा. एकदाच. पुन्हा पुन्हा फिरवलं तर खालचा थर उकलतो. पुट्टी ओली असतानाच टेप काढा नाहीतर कडेला पायरी तयार होते. मग रात्रभर ठेवा. सकाळी बघाल तर रेघेच्या जागी हलकीशी घळ दिसेल कारण पुट्टी आकसली, मग दुसरा थर. सहसा दोन, कधीकधी तीन.

तीन थर? एकच जाड थर देऊन टाकला तर?

द्या, आणि पंधरा दिवसांनी रंग मारून झाल्यावर घळ परत दिसली की आठवण काढा. पातळ केलेल्या पुट्टीत थिनर जास्त, जेवढं थिनर उडणार तेवढी ती बसणार, हे साधं गणित आहे. जाड थरात वरची साय आधी वाळते, आतलं थिनर अडकून राहतं आणि हळूहळू बाहेर येतं, म्हणून वरून कडक लागतं आणि आत अजून मऊ. पातळ थराला हा त्रास नाही.

थिनरऐवजी टॅमियाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट घालतात म्हणे, ते बरं का?

हो, हिरव्या झाकणाचं ते. त्यात अॅसिटोन आणि ब्युटिल अॅसिटेट असतं त्यामुळे पुट्टी छान विरघळते आणि खालचं प्लास्टिक पण किंचित मऊ होतं, म्हणजे पुट्टी नुसती बसत नाही तर धरते. कडेने पापुद्रे निघत नाहीत. मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते, पण फार थोडी आणि फार पातळ.

कारण सांगतो. नॅट करत होतो, १/७२ चं (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं), ते चिमुकलं विमान १९६५ च्या युद्धात सेबर स्लेअर (पाकिस्तानी सेबर विमानांचा कर्दनकाळ) म्हणून गाजलं आणि १९७१ ला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी श्रीनगरवर जे उडवलं तेच, त्यामुळे जरा जास्तच मन लावून करत होतो. पंख जिथे धडाला मिळतो तिथे सिमेंटात कालवलेली पुट्टी मी चांगली थापली, म्हटलं भरून जाऊ दे एकदाचं. आठवड्याने घासायला घेतलं तर पंखाचं प्लास्टिकच आत गेलेलं, बोटाने दाबलं तर चिकूसारखं. १/७२ चे भाग पातळ असतात, सॉल्व्हंट आरपार जातं. तो पंख काही पुन्हा सरळ झाला नाही, आता ते विमान शेल्फवर त्या बाजूने भिंतीकडे तोंड करून उभं आहे.

प्लास्टिक खातं म्हणजे नेमकं काय होतं?

गणपतीच्या मखराच्या थर्माकोलवर कधी स्प्रे पेंट मारलाय का? २०१८ च्या बंदीआधी घरोघरी हा प्रयोग झालेला आहे, सोनेरी रंग मारायला जावं आणि खांबाला भोकं पडावीत. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे न फुगवलेलं पॉलिस्टायरीन, वस्तू तीच. थर्माकोलमध्ये हवा जास्त म्हणून ते क्षणात बसतं, मॉडेल हळू बसतं एवढाच फरक.

नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का? घरात आहे.

बाटलीवर काय लिहिलंय बघा. अॅसिटोनवालं असेल तर पुट्टी पातळ करायला चालतं, पण ते प्लास्टिकवर फार आक्रमक आहे, थेंब सांडला तर डिटेल गेलं समजा. शिवाय बऱ्याच रिमूव्हरमध्ये तेल आणि सुगंध घालतात, तेलकट झालं की वर रंग धरत नाही. बिनअॅसिटोनवालं काहीजण वापरतात ते पातळ करायला नाही, जास्तीची पुट्टी कापसाच्या काडीने पुसून काढायला. तेही अगदी हलक्या हाताने आणि आधी स्प्रूवर ट्राय करून. स्प्रूवर ट्राय करणं हा या छंदातला फुकटचा विमा आहे, प्रत्येक किटमध्ये येतो, वापरा.

गाड्यांची एनसी पुट्टी आणि एनसी थिनर रंगाच्या दुकानात मिळतं, टॅमियाच्या एका ट्यूबच्या भावात केवढा तरी डबा येतो. ते का नाही?

चालतं, मी सुरुवातीची काही वर्षं तेच वापरलं. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, जात लॅकरचीच. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. ती गाडीच्या पत्र्यासाठी केलेली आहे, त्यामुळे कण जरा भरड, १/३५ च्या रणगाड्यावर खपून जातं, १/७२ च्या विमानावर नाही. दुसरं, एनसी थिनरमध्ये टोल्यूइनसारखी जबरी सॉल्व्हंट असतात आणि कंपनीगणिक मिश्रण बदलतं, त्यामुळे मित्राचं चाललं म्हणजे तुमचं चालेलच असं नाही. तिसरं म्हणजे वास. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत कुठल्याही रंगाच्या दुकानात सहज मिळेल, छोटा डबा मागा, मोठा डबा तुमच्या आधी वाळून जाईल.

आणि दुकानदाराला नुसतं पुट्टी द्या म्हणालात तर तो भिंतीची वॉल पुट्टी देईल. ती पांढऱ्या सिमेंटची पावडर, प्लास्टिकला धरतच नाही, वाळली की पापडासारखी सुटते. हसू नका, एकाने केलंय. रंगारी आणि गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात त्यात हार्डनर घालायची पॉलिएस्टर लांबी पण येते, ती वेगळी वस्तू, ती पातळ करायच्या फंदात पडू नका.

मिस्टर सरफेसर ५०० म्हणजे पातळ पुट्टीच ना? मग घरी कालवायची कटकट कशाला?

अगदी बरोबर. ती बाटलीतली तयार पातळ पुट्टीच आहे. आकडा जेवढा लहान तेवढा माल जाड: ५०० जोडासाठी, १००० प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) म्हणून आणि ओरखड्यांसाठी, १२०० आणि १५०० अजून मुलायम. मिळत असेल तर खुशाल घ्या. ब्रशने रेघेवर लावा, थोडं वाळू द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली केलेली कापसाची काडी जोडाला आडवी फिरवा. जास्तीचं निघून जातं, रेघेतलं राहतं, अल्कोहोल प्लास्टिकला काही करत नाही. घासायचंच नाही. जिथे रिव्हेट वाचवायचे आहेत तिथे ही युक्ती सोन्यासारखी.

घरी कालवायचं कारण एवढंच की ते नेहमी मिळत नाही, आणि दुसरं म्हणजे घट्टपणा आपल्या हातात राहतो.

पाण्यातली पुट्टी घासली की पापुद्रे निघतात, काय चुकतंय?

घासणं चुकतंय. वालेहोची पुट्टी घासण्यासाठी नाहीच, कडेला तिची धार येत नाही, ती उचकटते. ती लावायची आणि ओल्या काडीने लगेच पुसायची. पंखाच्या मुळाशी, काचेच्या कडेला, जिथे पॉलिश पेपर पोचतच नाही तिथे तिच्यासारखी दुसरी नाही. पण धडाच्या पाठीवरची लांब रेघ, जिथे नंतर पॅनेल लाइन पुन्हा कोरायची आहे, तिथे नको.

पॅनेल लाइन पुन्हा कोरायची असेल तर काय भरू?

फेविक्विक. किंवा कुठलाही सायनोअॅक्रिलेट गोंद. लॅकर पुट्टीवर सुई फिरवली की कडा तुटतात, रेघ दातेरी येते. वाळलेल्या फेविक्विकवर स्वच्छ येते, आणि तो आकसत पण नाही. त्यात चिमूटभर टाल्कम पावडर कालवली की घासायला मऊ होतो. अट एकच, लावल्यापासून तासाभरात घासून टाका. रात्रभर राहिला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि मग घासताना आजूबाजूचं प्लास्टिक जातं, गोंद तसाच टेकडीसारखा उभा.

घासायला कुठला पेपर?

दुकानात वॉटर पेपर मागा, काळा येतो तो. ४०० फक्त ढीग उतरवायला, मग ६००, ८००, १०००. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, पेपर भरत नाही आणि धूळ उडत नाही. सपाट भागावर पेपर आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून घ्या, गोल धडावर नुसत्या बोटाने किंवा स्पंजने. उलटं केलंत तर सपाट पंखाला खड्डा आणि गोल धडाला पठार.

सगळं गुळगुळीत होतं आणि रंग मारला की रेघ परत दिसते! भुताटकी आहे का?

असं सगळ्यांना वाटतं. दोन कारणं असतात. एक, पुट्टी पूर्ण वाळायच्या आत घासली, ती नंतर बसली. दोन, लॅकर पुट्टीवर लॅकर प्रायमर जाड मारला, प्रायमरमधलं थिनर पुट्टीला पुन्हा ओलं करतं आणि कड फुगते. म्हणून पहिला हात धुक्यासारखा, वाळू द्या, मग दुसरा.

तपासायला बोटावर आणि डोळ्यावर विश्वास नको, राखाडी पुट्टी राखाडी प्लास्टिकवर दिसतच नाही. जोडावर चंदेरी रंगाचा हात फिरवा आणि टॉर्च तिरपा धरा, चंदेरी रंग सगळ्या चहाड्या करतो. उघड्या धातूचं मिग-२१ करणाऱ्यांना तर हे करावंच लागतं. आणि मिग करत असाल तर पाठीचा जोड सगळे घासतात, नाकातल्या हवेच्या तोंडाच्या आतली रेघ विसरतात, शंकू बसवायच्या आधी आत बघा. ओझरच्या कारखान्यात बनलेलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालेलं विमान आहे, सध्या जो तो तेच करतोय, निदान नाक तरी नीट करा.

प्रत्येक जोड भरायचाच का?

नाही. आधी खऱ्या विमानाचे फोटो बघा. बऱ्याच ठिकाणी किटचा जोड खऱ्या पॅनेल लाइनवरच येतो, तो भरलात तर पुन्हा कोरत बसाल. तोफेची नळी, क्षेपणास्त्रं, पायलटच्या डोक्यामागचं विमानाचं धड, इथे मात्र रेघ दिसली की मॉडेल खेळणं दिसतं.

पावसाळ्यात पुट्टी वाळतच नाही.

मुंबई, कोकणात जुलैमध्ये सगळंच सावकाश होतं, एक रात्र म्हटलं तिथे दोन धरा. टेबल लॅम्पखाली फूटभर लांब ठेवलं तर मदत होते, पण हेअर ड्रायर नको, पातळ प्लास्टिक वाकतं.

पातळ पुट्टीचा अजून काही उपयोग?

रणगाड्याच्या ओतीव टरेटचा (तोफेच्या फिरत्या घुमटाचा) खडबडीतपणा! दह्याइतकी पातळ करा, ताठ ब्रशने ठिपके ठिपके आपटा, अर्धवट वाळली की अजून एकदा. टी-३४ रणगाड्याच्या टरेटवर असं केलं की ओतीव पोलाद वाटतं. इथे पुट्टी आकसली तरी फायदाच.

वास, आग, मास्क?

खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने. थिनर आणि अॅसिटोन दोन्ही भडकतात, त्यामुळे स्वयंपाकघरात नाही, देवघरात दिवा चालू असताना शेजारच्या टेबलावर नाही, उदबत्ती लावून वास घालवू म्हणाल तर मुळीच नाही. आणि तो स्प्रू ताणायचा मेणबत्तीचा कार्यक्रम थिनरची बाटली आत ठेवल्यावर. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो. घरात लहान मूल असेल तर पाण्यातली पुट्टी घ्या आणि विषय संपवा.

अमेरिकेतून भाऊ येतोय, त्याला लॅकर थिनर आणायला सांगू का?

नको, विमानात ज्वलनशील थिनर चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. लॅकर पुट्टीच्या ट्यूबचं पण तेच. पाण्यातली पुट्टी मात्र चेक-इनच्या बॅगेतून येते. त्याला पॉलिश पेपरचे स्पंज आणि कोरायची सुई आणायला सांगा.

ट्यूब वाळली, टाकून देऊ?

लॅकर पुट्टी असेल तर थांबा. ट्यूबची शेपटी कापा, माल काचेच्या बाटलीत काढा, बुडेल एवढं लॅकर थिनर घाला, झाकण लावून दोन दिवस ठेवा, मधे मधे हलवा. दगड झालेली सुद्धा बहुतेकदा परत येते कारण वाळणं म्हणजे नुसतं थिनर उडणं होतं. दोन भागांची इपॉक्सी मात्र एकदा कडक झाली की झाली.

बाटलीसाठी नेलपॉलिशची रिकामी बाटली घ्या, अॅसिटोनने दोनदा खळबळून धुवा, झाकणालाच ब्रश आहे, आत सायकलचे दोन छर्रे टाका म्हणजे हलवलं की ढवळलं जातं. वर चिठ्ठी चिकटवा काय आहे ते. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती आणि बहिणीने एका नखाला राखाडी पुट्टी लावून बघितली, तिच्या मते शेड वाईट नव्हती.